मागच्या-भागात मावशी

तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फक्त बँकेत उरली आहेत. बाकी सगळ्यांसाठी ती मागच्या-भागात मावशी. बावीस वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता टीव्हीतून तिचा आवाज यायचा, "मागच्या भागात आपण पाहिलं..." आणि दात घासणारी पोरं ब्रश तोंडात तसाच ठेवून धावत यायची. 'पोलादी पलटण' ही यंत्रमानवांची मालिका ज्यांनी तेव्हा बघितली, त्यांना आज टक्कल पडलंय, गुडघे दुखतात. पण हा आवाज कानावर आला की अजून ताठ बसतात.

आवाज सगळ्यांना पाठ आणि तोंड कुणालाच ठाऊक नाही, असा हा धंदा. एकदा चपलांच्या दुकानात दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाई, तुमचा आवाज ऐकलाय कुठेतरी. बँकेच्या फोनवर असता का तुम्ही?"

मावशी म्हणाली, "हो. सात नंबरसाठी सात दाबा."

त्याने मुकाट्याने सात नंबरची चप्पल काढली.

आवाजाच्या कामात येण्याआधी ती बस स्टँडवर होती. लाकडी खोपट, जाळीची खिडकी, समोर माइक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार आणि किती उशिरा लागणार, हे ती नऊ वर्षं सांगत होती. गाडी दोन तास उशिरा आहे हे माणसाला सांगणं सोपं नसतं. शिव्या खायची तयारी लागते. पण ती सांगायची तेव्हा लोक शिव्या द्यायचे नाहीत, पिशवी खाली ठेवून बसून घ्यायचे. एका रेकॉर्डिस्टची तर समोर उभी असलेली गाडी तिचा आवाज ऐकता ऐकता सुटली. तो खिडकीशी गेला आणि म्हणाला, "उद्या एक दिवस याल का? यंत्रमानवांचं काम आहे."

"यंत्रं मी दुरुस्त करत नाही."

"दुरुस्त नाही करायची. त्यांच्याबद्दल बोलायचंय."

झालं होतं असं, की पलटणीचे पहिले निवेदक म्हणजे एक धिप्पाड काका. त्यांचा आवाज असा, की 'सुप्रभात' म्हणाले तरी कुणीतरी मेल्यासारखं वाटायचं. पाचव्या भागापर्यंत पोरं पलंगाखाली लपायला लागली, आणि सहाव्याच्या दिवशी काकांचा घसा बसला. मावशी एका दिवसासाठी आली. अवकाशातून गंजासुर नावाचा राक्षस येतोय आणि तो पृथ्वीवरचं सगळं लोखंड खाणार, असं कागदावर लिहिलेलं होतं. मावशीने ते अशा आवाजात वाचलं, की जणू गंजासुर फलाट क्रमांक चारवर येतोय आणि वीस मिनिटं उशिरा आहे. रेकॉर्डिस्ट हसता हसता खुर्चीतून पडायचा राहिला. पण त्या रविवारी पोरं पलंगाखालून बाहेर आली. संकट आहे, पण सांगणारी बाई घाबरलेली नाही, एवढं त्यांना पुरलं. तो एक दिवस बावीस वर्षं चालला.

निवेदकाचं काम काय असतं, हे न कळणारे मला खूप भेटतात. शिकलेले जास्त. "चित्र दिसतंय की, मग सांगायचं काय?" असं विचारतात. अरे बाबांनो, यंत्रमानवाचं तोंड हलत नाही! पलटणीचा म्होरक्या हातोडा, त्याचा मित्र पाना आणि पुढे जाऊन टेहळणी करणारी चिमटी, तिघांचे चेहरे म्हणजे पत्र्याचे डबे. भुवई नाही, ओठ नाही. हातोडा रागावला, लाजला, त्याला भूक लागली, चेहरा तोच. त्याच्या आत काय चाललंय हे बाहेरून कुणीतरी सांगायलाच हवं. त्यात पहिल्या वर्षी ते पुठ्ठ्याचे होते आणि दोरीने हलायचे. एखादं दृश्य करायचं राहून जायचं, एखाद्याचा हात गळून पडायचा. मग चित्रात जिथे भोक पडेल तिथे मावशी वाक्य लावायची. तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. तो म्हणायचा, "आम्ही दोघं एकच काम करतो. फक्त माझं ठिगळ दिसतं."

तिची कामाची रीत ठरलेली. फरशांच्या गोदामाखालच्या तळघरात स्टुडिओ, भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. वर ट्रकमधून फरशा उतरायला लागल्या की काम थांबायचं. निवेदकाचा नंबर सगळ्यात शेवटी, सगळे यंत्रमानव बोलून घरी गेल्यावर. मावशी चपला दाराबाहेर ठेवायची, घड्याळ काढून रेकॉर्डिस्टकडे द्यायची, कारण माइकला टिकटिक ऐकू येते. जीभ टाळूला चिकटून चटचट आवाज करू नये म्हणून सफरचंदाची एक फोड खायची. मग आख्खा भाग एकदा आवाज बंद करून बघायची. लिहून आलेल्या वाक्यांतली निम्मी तिथेच खोडायची. "हे दिसतंय," म्हणायची आणि काट मारायची. लेखक तडफडायचा. "बाई, दोन दिवस घालवले मी त्यावर!" मावशी म्हणायची, "तुझे दोन दिवस पोरांनी का ऐकायचे?"

मालिका बदलत गेली आणि निवेदकाचे प्रयोगही झाले. पलटणीच्या दुसऱ्या मालिकेत कुणाच्या तरी डोक्यात आलं की निवेदक गोष्टीतलाच हवा. मग मावशी कारखान्याच्या कोपऱ्यात पडलेला जुना रेडिओ झाली. तिसऱ्या मालिकेत तर कहर केला, गंजासुराला स्वतःचा निवेदक दिला! मासळी बाजारात लिलाव पुकारणारा एक माणूस आणला. सगळे त्याला उलटे काका म्हणायचे. भाग सुरू झाला की आधी उलटे काका ओरडायचे, "मागच्या भागात आपल्या गंजासुर महाराजांचा दणदणीत विजय झाला!" आणि लगेच मावशी शांतपणे म्हणायची, "असं काही झालेलं नाही." हे एवढं ऐकायला पोरं जमायची. शाळेत मास्तरांनी "काल शिकवलंय हे" म्हटलं की मागून आवाज यायचा, "असं काही झालेलं नाही."

घरीही तिची सुटका नव्हती. मुलगी भौतिकशास्त्र शिकलेली. ती म्हणायची, "आई, अवकाशात आवाज जातच नाही. हवा नसते तिथे."

"मग माझा कसा गेला?"

"अगं, तुझा स्टुडिओत होता!"

"बघ. तरी पोचला."

सासूबाईंचा सगळ्या मालिकेशी संबंध सुरुवातीच्या एका मिनिटापुरता. सूनबाईचं बोलून झालं, की त्या टीव्ही बंद करायला सांगायच्या. पुढे नुसती हाणामारी, ती कशाला बघायची?

तर अशी ही मावशी. गेल्या वर्षी मालिका काढणाऱ्या कंपनीने पलटणीचा पहिला मोठा पिक्चर काढायचं ठरवलं. दिग्दर्शक नवा, तिशीतला, चष्मेवाला, पलटण बघतच मोठा झालेला. त्याने जाहीर केलं, की पिक्चरमध्ये निवेदक नसेल. कंपनीचा कारभार बघणाऱ्या बाईंनी पुढचंही सांगून टाकलं: पिक्चर असाच चालला, तर येणाऱ्या नव्या मालिकेतही निवेदक ठेवणार नाही. म्हणजे मावशीचं पलटणीतलं काम संपलं.

आवाजाचं काम करणाऱ्यांच्या संघटनेत मी तेव्हा होतो, आजही आहे. माझं डोकं फिरलं. मी तडक तिच्या घरी गेलो. शिंपीबुवा कुणाची तरी पँट उसवत बसले होते. मी म्हटलं, "मावशी, उद्या सकाळी कंपनीच्या गेटवर बसू. पन्नास माणसं आणतो. बावीस वर्षं तुझ्या आवाजावर खाल्लं आणि आता..."

मावशी म्हणाली, "तू बस. मी आधी पिक्चर बघते."

"बघायचं काय त्यात?"

"माझी गरज आहे की नाही ते. गरज नसताना घुसलेला निवेदक मीच कितीदा खोडलाय."

शिंपीबुवा पँटमधून मान वर न करता म्हणाले, "ऐका तिचं. मी ऐकतो. सवय होते."

कंपनीच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. दिग्दर्शकाने उठून खुर्ची दिली, पाया पडायचाच बाकी होता. "मावशी, मी या धंद्यात आलो तो तुमच्यामुळे."

"आणि आल्या आल्या मलाच बाहेर काढलंस."

तो लालबुंद झाला, पण हटला नाही. म्हणाला, "मावशी, लहानपणी तुम्ही सांगायचात म्हणून मला कळायचं. आता माझ्याकडे चित्रं अशी आहेत, की बघूनच कळायला हवं. नाही कळलं, तर चूक माझी. मला एकदा तरी बघू द्या ना, जमतंय का."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ती म्हणाली, "कुठे दाखवतोयस? आम्हाला बोलाव."

रविवारी सकाळी एका थिएटरात दोनशे पोरं आणि त्यांचे आईबाप बोलावले होते. मावशी मागच्या रांगेत बसली. एका बाजूला शिंपीबुवा, दुसऱ्या बाजूला मी. मी मनातून वाट बघत होतो, की पिक्चर आपटावा. खोटं कशाला सांगू? पण पिक्चर आपटेना. चांगला होता, हरामखोर! पहिल्या दहा मिनिटांत पोरांना सगळं समजलं. कोण हातोडा, कोण पाना, गंजासुर कुठून येतोय, सगळं. जिथे हसायचं तिथे हसली, जिथे ओरडायचं तिथे ओरडली. मी चोरून मावशीकडे पाहिलं. ती पुढे वाकून बघत होती, ओठ मिटलेले.

"काय म्हणतेस?" शिंपीबुवांनी हळूच विचारलं.

"अजून तरी एकही भोक नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण हातातल्या रुमालाचा तिने बोळा केला होता.

मग ते दृश्य आलं. गंजासुराशी लढताना पाना तुटतो. त्याचे तुकडे जमिनीवर पडलेले आणि हातोडा समोर उभा. दिग्दर्शकाने सगळे आवाज बंद केले. संगीत नाही, वारा नाही. हातोडा हलत नाही. त्याचा चेहरा तर हलतच नाही. पाच सेकंद झाले, दहा झाले. पडद्यावर काहीही हलत नव्हतं. पंधरा. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अडकला!" एक पोरगं हसलं. मग दहा हसली. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ काका, पिक्चर अडकलाय!"

वर मशीनच्या खोलीत ऑपरेटर बसला होता. तीस वर्षांचा अनुभव, आणि एकच अभिमान, की आपल्या थिएटरात पिक्चर कधी अडकून राहत नाही. त्याने पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मशीन बंद करून हॉलमधले सगळे दिवे लावले.

अख्ख्या पिक्चरमधल्या सगळ्यात दुःखाच्या क्षणी दोनशे पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मुतायला पळाली.

दिग्दर्शक मधल्या वाटेतून धावत सुटला. "अहो, दिवे का लावले? मशीन का थांबवलं?"

ऑपरेटरने वरच्या खिडकीतून डोकं काढलं. "अडकला होता साहेब! पाच मिनिटांत चालू करतो."

"अडकला नव्हता! तो दुःखात होता!"

"कोण?"

"हातोडा!"

ऑपरेटरने क्षणभर विचार केला. "मला काय माहीत साहेब? कुणी सांगितलंच नाही."

मी आनंदाने उडीच मारली असती. पण मावशी हसली नाही. ती उठून दिग्दर्शकापाशी गेली. तो पायरीवर बसला होता, चष्मा हातात, तोंड उतरलेलं. म्हणाला, "कापतो ते दृश्य. चार सेकंद ठेवतो. नाहीतर डोळ्यातला दिवा लुकलुकवतो, संगीत टाकतो, काहीतरी करतो."

"हात लावशील तर बघ," मावशी म्हणाली. "तुझ्या पिक्चरमधलं सगळ्यात चांगलं तेच आहे."

"पोरं हसली, मावशी."

"हसणारच. अडकलेला आणि उभा राहिलेला, यंत्रमानव दोन्ही वेळा सारखाच दिसतो. त्यांना सांगायला हवं, की हा उभा आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक वाक्य. तिथे एकच वाक्य बोलाल?"

"नाही."

मी दचकलो. दिग्दर्शकही दचकला.

मावशी म्हणाली, "तासभर जी बाई घरात नव्हती, ती ऐन रडारडीत दार ढकलून आली तर लोक तिच्याकडेच बघतील. मी सुरुवातीला हवी. मग मधे आले तर घरचीच वाटेन."

दिग्दर्शकाने चष्मा चढवला. त्याच्या अंगात परत जीव आला होता. "सुरुवातीला किती वाक्यं?"

"तीन."

"एक."

"एक. आणि शेवटी दोन."

"शेवट पोरांना कळतो, मावशी. तुम्हीच बघा दिवे गेल्यावर."

उरलेला पिक्चर लावला. मावशीने शेवट बघितला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरोबर आहे तुझं. शेवटी मी नको."

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, काय करतेस? एका भागात साठ वाक्यं बोलायचीस तू! दोन वाक्यांवर तोडलंस? अजून ताणलं असतं तर दहा मिळाली असती."

"आणि त्यातली आठ मीच खोडली असती," ती म्हणाली. "कशाला त्रास? तुझा मोर्चा राहिला म्हणून वाईट वाटतंय का तुला?"

वाटत होतंच.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तळघरात नेहमीपेक्षा गर्दी होती. दिग्दर्शक, कंपनीच्या बाई, लेखक. लेखकाने दोन वाक्यांसाठी चार पानं लिहून आणली होती. मावशीने ती चार पानं शांतपणे वाचली, घडी घातली आणि त्याच्या खिशात परत ठेवली. तो म्हणाला, "निदान एक विशेषण तरी घ्या बाई!" तिने सफरचंदाची फोड त्याच्या हातात दिली. "हे घे. गोड आहे."

मग पडद्यावर आवाज बंद करून पिक्चर सुरू झाला. पहिलं दृश्य, कारखान्यातली पहाट, ओळीने उभी राहिलेली यंत्रं.

"सकाळ झाली होती, आणि पलटणीत अजून कुणी उठलं नव्हतं."

पहिल्याच वेळी पास. मग पान्याचे तुकडे आणि समोर हातोडा. मावशी माइकसमोर अनवाणी उभी. सहा सेकंद ती काहीच बोलली नाही. रेकॉर्डिस्टने मान वर केली. तेवढ्यात ती म्हणाली,

"हातोडा तसाच उभा राहिला."

दिग्दर्शक काचेमागून म्हणाला, "मावशी, फारच सुंदर. एकदा जरा अजून... दुःखात घेऊ या?"

"दुःख त्याला झालंय. मला फक्त सांगायचंय."

"एकदा घेऊन तर बघू."

वर फरशांचा ट्रक आला. धडधड सुरू झाली. सगळे छताकडे बघत थांबले. वीस मिनिटांनी ट्रक गेला तोवर दिग्दर्शकाने हातोड्याचं ते पहिल्याच वेळी घेतलेलं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. त्याने फक्त मान हलवली आणि मशीन बंद करायला सांगितलं. कंपनीच्या बाई डोळे पुसत होत्या आणि धुळीला शिव्या देत होत्या. जाता जाता त्या मावशीला म्हणाल्या, "आधी पोरांसमोर लावू. जमलं, तर नव्या मालिकेच्या कराराचे कागद पाठवते."

पुन्हा रविवार, पुन्हा तेच थिएटर, नवी दोनशे पोरं, आणि आम्ही तिघं मागच्याच रांगेत. दिवे गेले. हॉलमध्ये वेफर्सच्या पिशव्या वाजत होत्या, मागे कुणीतरी शिंकत होतं. "सकाळ झाली होती," असा मावशीचा आवाज पडद्यावरून आला आणि पिशव्या थांबल्या. एक टक्कलवाला बाप खुर्चीत ताठ झाला आणि बायकोला कोपराने ढोसून म्हणाला, "आली बघ!" बायको म्हणाली, "कोण आली?" तो म्हणाला, "गप्प बस, ऐक."

आता ते दृश्य. शांतता. मी वर मशीनच्या खोलीकडे बघत होतो. पिक्चर कुणाला बघायचा होता? खिडकीत ऑपरेटरचं डोकं दिसत होतं.

"हातोडा तसाच उभा राहिला."

दहा सेकंद गेले. पंधरा. वीस. आमच्या पुढच्या रांगेत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा खुर्चीवर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अडकला!"

त्याच्या शेजारी त्याची बहीण होती, त्याच्याहून वर्षभराने मोठी असेल. तिने पडद्यावरची नजर न काढता त्याला खाली ओढलं.

"अडकला नाही. उभा आहे तो. बाईंनी सांगितलं ना?"

मुलगा बसला. चाळीस सेकंद कुणी हललं नाही. मावशीने शेजारी वळून बघितलं. शिंपीबुवा रडत होते, अगदी नाक वाहेपर्यंत. तिने रुमाल पुढे केला आणि त्यांच्या कानात म्हणाली, "अहो, पुठ्ठ्याचा आहे तो."

"गप्प बस," शिंपीबुवा म्हणाले. "बघू दे."